कमळाखालची बारीक अक्षरं

तैवानमधल्या शिलोजवळच्या त्या गावात लिआओ पाओ-चूबाईंना कोणी सांगितलं नव्हतं, तरी गावातल्या सगळ्या फोनची काळजी आपणच वाहायची असं त्यांनी ठरवून टाकलं होतं. तैपेईच्या डिजिटल खात्याने म्हाताऱ्यांना फोन शिकवायची योजना काढली, तेव्हा तालुक्याच्या प्रशिक्षणात बाई पहिल्या बाकावर. येताना एक निळं जाकीट आणि एक वाक्य घेऊन आल्या: थांबा, विचारा, मग पुढे पाठवा. जाकीट त्या उन्हाळ्यातही घालत. वाक्य दर मंगळवारी देवळामागच्या सभागृहात सगळ्यांकडून म्हणून घेत. लोकही निमूट म्हणत, कारण तिथेच सगळ्यांचं रोजचं दुपारचं जेवण असे आणि डाव बाईंच्याच हातात असे.

एका गोष्टीला मात्र गावाने या वाक्यातून परस्पर सूट दिली होती, ती म्हणजे सकाळचं चित्र. उठल्या उठल्या फोनवरच्या गावच्या गटावर कमळ नाहीतर सूर्योदय टाकायचा, वर ठळक 'सुप्रभात'. ते कोणी वाचायचं नसतं. चित्र आलं म्हणजे माणूस उठला, ठीक आहे. नाही आलं तर शेजाऱ्याने जाऊन दार वाजवायचं. कुणाकडून तरी आलेलं चित्र पुढे ढकलायचं आणि चहाकडे वळायचं, एवढीच ती रीत.

अशाच एका कमळाखाली बारीक अक्षरांत लिहिलं होतं: 'परदेशी मदतीच्या नावाखाली आपल्या कराचा पैसा समुद्रापार जातो. शेतकी पथकातून तिकडे गेलेले इथे बंगले बांधून बसलेत. तुमच्या गावातला कोण ते बघा.'

गावात असा माणूस एकच, चुंग शुई-युआन. सरकारने तरुणपणी त्यांना पॅसिफिकमधल्या एका मित्रदेशाच्या बेटावर भाजीपाला शिकवायला पाठवलं होतं. घर दुमजली होतं खरं, पण ते त्यांच्या मुलाने ट्रक चालवून बांधलेलं, आणि हे गावातल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. तरी जेवताना लसूणवाला आ-शेंग बोललाच, "दादा, अख्खं बेट उचलून आणलंत, की तिकडच्यांना थोडं ठेवलंत?"

सगळं टेबल हसलं. शुई-युआनदादांनी भाताचा वाडगा अर्धाच ठेवला, टोपी घातली आणि निघून गेले. संध्याकाळी गटातूनही बाहेर पडले. दुसऱ्या दिवसापासून त्यांचं चित्र येईना, पण दार वाजवायला कोणी गेलं नाही. सगळ्यांना तोंड दाखवायची लाज वाटत होती.

पाओ-चूबाई भडकल्या होत्या. मंगळवारी त्यांनी ते कमळ भिंतीवर मोठं करून दाखवलं.

"हे गावात कोणी आणलं? हात वर करा. मी काही खात नाही कुणाला."

आ-शेंगने आपल्या फोनवर बोट फिरवत फिरवत मागे जाऊन पाहिलं आणि घसा खाकरला.

"ताई, रागावू नका. पहिलं तुमचंच आहे."

बाईंनी आपला फोन उघडून पाहिला. बहिणीकडून आलं होतं, त्यांनी फक्त फूल पाहिलं होतं. त्याच दिवशी त्यांनी गटावर माफी मागितली आणि मदत कुठे जाते, कशावर खर्च होते याचा लांबलचक सरकारी खुलासा जोडला. उत्तरादाखल हात जोडलेली चित्रं आली. खुलासा कोणी उघडला नाही.

मग मुळ्याच्या लोणच्याचं ऑम्लेट डब्यात घालून त्या दादांकडे गेल्या. दादा अंगणात रताळ्याची पानं खुडत होते.

"जाकीट घालून आलीस. म्हणजे कामावर आलीस."

बाईंनी जाकीट काढून कुंपणावर टाकलं. "चुकले, दादा. न वाचताच पाठवलं. पण आता सरकारी खुलासा टाकलाय, तुमच्यावर काही डाग नाही."

"त्यात माझं नाव आहे?"

"नाही."

"मग मला काय त्याचं?" दादांनी पानांची जुडी बाजूला ठेवली. "पोरी, चित्र कोणीही रंगवतं. त्याचा राग नाही मला. तू सगळ्यांना शिकवतेस ना, थांबा, विचारा? मी इथेच राहतो, दार उघडं असतं. एक तरी आला का विचारायला, की दादा, तिकडे तुम्ही काय केलंत?"

बाईंना रडू फुटलं. सगळ्यांना धडे देणाऱ्या त्या, त्यांनीही एवढ्या वर्षांत हे कधी विचारलं नव्हतं. डोळे पुसून त्या पायरीवर बसल्या.

"काय केलंत, दादा?"

ऑम्लेट गार होऊन गेलं, दादा बोलतच होते. निघताना बाईंनी त्यांना पुन्हा गटात घेतलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी गटावर एक जुना फोटो आला. वाळूत अनवाणी उभा काटकुळा शुई-युआन, भोवती हसणाऱ्या बेटावरच्या बाया, आणि त्याच्या हातात डोक्याएवढा कोबी. खाली लिहिलं होतं, सुप्रभात.

बराच वेळ कोणाचं कमळ आलं नाही, सूर्योदय आला नाही. मग आ-शेंगचं वाक्य उमटलं: 'दादा, वाळूत कोबी धरला कसा?' लगेच दुसरं: 'शेजारी हसतेय ती कोण?' मग तिसरं, चौथं.

चहा निवला तेव्हा कुठे दादांचं उत्तर आलं: 'टाइप करून बोटं दुखली. दुपारी जेवायला येतो, तेव्हा विचारा.'

बाईंनी ते पुन्हा एकदा नीट वाचलं, आणि तांदळात आणखी एक वाटी घातली.