माया ठेवू नको

हे आमच्या घरात कुणाला माहीत नाही. नवऱ्याला नाही, मुलीला नाही, माहेरी आईला तर नाहीच. तुम्ही मला ओळखत नाही, म्हणून तुम्हाला सांगायला बसले आहे. ओळखीच्या माणसासमोर हे माझ्या तोंडून निघणार नाही. मधेच मी भलतीकडे वळेन. ती माझी जुनी खोड आहे.

डहाणूच्या बाजारात माझं ब्लाउज शिवायचं दुकान आहे. चिंचणीपासून तलासरीपर्यंतच्या बायका येतात, कारण बाही जिथे खांद्याला जोडतात तो मुंढा माझा चुकत नाही. घर जवळच्याच गावात, चिकूच्या वाडीत. दोन भावांची दोन घरं आणि मधे एक अंगण. थोरल्या घरात मोठे भाऊजी आणि रंजनावहिनी, म्हणजे माझी मोठी जाऊ. धाकट्या घरात आम्ही. लग्न होऊन आले तेव्हा मला तांदळाची भाकरी थापता येत नव्हती. वहिनी माझ्या वाटणीच्या भाकऱ्या थापून गुपचूप माझ्या टोपलीत ठेवायच्या आणि सासूबाईंना सांगायच्या, शैलाने केल्या. खोटं त्याही बोलल्या, मीही बोलले. त्यांचं खोटं माझ्या पोटासाठी होतं — माझं कशासाठी होतं?

मी जाड होते. चांगलीच. गुडघे बोलायचे, मशीनवरून उठताना टेबलाला धरावं लागायचं. एक गिऱ्हाईक एकदा हसत म्हणाली, नमुन्याचा ब्लाउज स्वतःच्या मापाचा टांगू नका हं, बायका पळतील. मीही हसले. हसणं मला चांगलं जमायचं. त्या दिवशी दुकान बंद करताना मात्र मी ठरवलं, काहीतरी करायचंच.

अस्तर आणायला मी वापीला जायची, तिथेच एका डॉक्टरला गाठलं. गुजराती माणूस, सावकाश बोलणारा. रक्त तपासलं, वजन केलं, साखर आहे का विचारलं. नाही म्हटल्यावरसुद्धा सगळं नीट समजावलं. "जुओ बेन, भूक मरी जशे, पण खाणं सोडायचं नाही. डाळ, अंडी, मच्छी खायचीच. व्यायाम करायचा. नाहीतर चरबीबरोबर मांसपण जाते." आणि आणखी एक सांगितलं, ज्याचा माझ्याशी संबंधच नव्हता — साखरेच्या गोळ्या चालू असलेल्या माणसाने कधी उपाशी राहायचं नाही, हात थरथरले, घाम फुटला, तर लगेच गोड खायचं, थांबायचं नाही. मी मान हलवली. हे वाक्य लक्षात ठेवा. मीही ठेवलं होतं.

आठवड्यातून एक इंजेक्शन, पोटावर. नवऱ्याला सांगितलं, हाडांसाठी आहे. भूक खरोखरच मेली. समोर पापलेट तळलेलं असलं तरी नुसतं बघत बसायची. सुक्या बोंबलाचा वास घेऊन कुणी दुकानात शिरलं की मला मागच्या दाराने मोरीवर जावं लागायचं. केस कंगव्यात यायला लागले. जाड कापड कापताना मनगट भरून यायचं. अंडी, डाळ, व्यायाम — काहीएक केलं नाही. वजन उतरत होतं ना, मग? माझी आई मला बघून म्हणाली, किती उतरलीस गं. ती काळजीने म्हणत होती. मी ते कौतुक समजून घरी आणलं.

आणि कौतुक खरंच सुरू झालं. शैलाताई, काय केलंत? बायका माप द्यायला यायच्या आणि माझंच माप डोळ्यांनी घ्यायच्या. सुई टोचून घेते असं सांगितलं असतं तर काय बिघडलं असतं? चार जणींनी नाक मुरडलं असतं, पाचवी डॉक्टरचा पत्ता घेऊन गेली असती. पण मला नुसतं बारीक व्हायचं नव्हतं. मला 'काय बाई मनावर ताबा!' असं ऐकायचं होतं. जन्मभर कुणी मला ते म्हटलं नव्हतं. म्हणून मी सांगितलं — सकाळी दुधीचा रस, दुपारी एक नाचणीची भाकरी नि भाजी, संध्याकाळी काही नाही. आणि समुद्रावर चालणं. जागच्या जागी रचलं हो सगळं. दुधी मला आवडतसुद्धा नाही.

वहिनींनी ते अंगणात बसून ऐकलं. त्या माझ्याइतक्या जाड नव्हत्या, पण साखर होती, बरीच वर्षं. गोळ्या सकाळ-संध्याकाळ. त्यांच्या डॉक्टरने वजन थोडं कमी करा म्हटलं होतं, हळूहळू. त्यांनी मला विचारलं, "मना जमेल का गो ता?" मी काय म्हणायला हवं होतं, हे तुम्हालाही कळतंय. मी म्हटलं, न जमायला काय झालं?

माझ्यासारखी अर्धवट नव्हती ती बाई. एकदा धरलं की धरलं. दुधी वाडीतलाच, नाचणी सायवनच्या बाजूने यायची. संध्याकाळी भाऊजींना वाढून झालं की स्वतःचं ताट पालथं घालायच्या, गोळी घ्यायच्या, आणि ओटीवर जप करत बसायच्या. वजन भराभर उतरलं, माझ्याहून भराभर. मग हळदीकुंकवाला बायका माझ्याऐवजी त्यांच्याभोवती जमल्या. या वयात, बघा, कसं जमवलं! मी कोपऱ्यात तीळगुळाची वाटी धरून उभी. मला वाईट वाटलं. खरं सांगायचं तर मी जळले. माझं खोटं त्या खरं करून दाखवत होत्या, आणि बक्षीस त्यांना मिळत होतं.

त्यांचे ब्लाउज मीच आत घेत होते. छाती, कंबर उतरली तर ठीक आहे. पण दंडघेर — दंडाला टेप लावली की बाईची ताकद कळते. वहिनींच्या दंडावर टेप गुंडाळली तेव्हा बोटाखाली नुसतं हाड आणि लोंबती कातडी. पोहऱ्याने पाणी ओढणारा, पाटा धुऊन उचलून ठेवणारा हात तो. वापीच्या डॉक्टरचे शब्द मला आठवले, चरबीबरोबर मांसपण जाते. मी आकडा खडूने कापडावर लिहिला आणि म्हटलं, छान बारीक झालात.

ब्लाउजच्या बाजूच्या शिवणीत आत जास्तीचं कापड सोडतात, त्याला आमच्यात माया म्हणतात. बाई पुढे भरली तर उसवून सैल करता येतं. वहिनी त्या दिवशी आरशात बघत म्हणाल्या, "आता माया ठेवू नको गो. परत कशाला जाड व्हाचा?" दुकानात शिवण शिकायला येणाऱ्या मुलींना मी पहिली गोष्ट सांगते, गिऱ्हाईक काहीही म्हणो, माया कापायची नाही. मी वहिनींची माया कापली. सगळ्या ब्लाउजांची. कात्री चालवताना मला बरं वाटत होतं, हेही सांगून टाकते.

बघा, आले ना मी शिवणकामावर. मूळ गोष्ट अजून पुढेच आहे.

वहिनी एका दुपारी माझ्या स्वयंपाकघरात आल्या. चेहरा उतरलेला, कपाळावर घाम, आणि दिवस थंडीचे. चोरी पकडली गेल्यासारख्या दारातच उभ्या राहिल्या. म्हणाल्या, "आज परत गुळाचा खडा खाल्ला गो. हात कापत होते, डोळ्यांपुढे अंधारी आली. खाल्ला नि बरा वाटला. तुना असा व्हाचा का?"

परत, म्हणाल्या त्या. म्हणजे आधीही झालं होतं. तो गूळच त्यांना तगवून होता.

मला त्या क्षणी माहीत होतं. संशय वगैरे नाही, स्वच्छ माहीत होतं. साखरेच्या गोळ्या, उपाशी, हात थरथरले, लगेच गोड खायचं. डॉक्टर माझ्या कानात बसून बोलत होता. मला एवढंच म्हणायचं होतं — वहिनी, संध्याकाळी जेवा, नाहीतर गोळीचं डॉक्टरला विचारा. पण मग त्या विचारणार, तुला हे कुणी सांगितलं? आणि मग वापी, मग सुई, मग दुधीचा रस, मग सगळं गाव. हे सगळं डोक्यातून जायला किती वेळ लागतो? हातातला कप खाली ठेवेपर्यंत झालं.

मी म्हटलं, "सुरुवातीला होतं असं. अंगाला सवय होते. पण गूळ खाल्लात तर केलेलं सगळं पाण्यात, वहिनी. डबा वर ठेवून द्या."

हेच ते. एवढंच वाक्य, आणि मी ते रागावून म्हटलं. थोडं शिक्षिकेसारखं. त्या ओशाळल्या. हो गो, चुकलाच, म्हणाल्या. गेल्या आणि डबा माळ्यावर ठेवला. मला आवाज आला, स्टूल सरकवल्याचा.

मला वाटलं होतं, एक-दोन दिवसांत काहीतरी निमित्त काढून सांगू. लगीनसराई होती. दुकानात कापडांचा ढीग. रोज सकाळी अंगणात त्यांच्या झाडूचा आवाज आला की मी मनात म्हणायची, आहेत, ठीक आहेत. आणि कामाला लागायची. म्हणजे मी रोज कान देत होते. ज्याला काही माहीत नसतं, तो कान देतो का?

एका सकाळी झाडू वाजला नाही. भाऊजी पहाटेच चिकूच्या गाडीबरोबर गेले होते, जाताना त्यांना त्या झोपलेल्या वाटल्या. मी अंगण ओलांडून गेले. वहिनी अंथरुणावरच होत्या, उशी घामाने भिजलेली, डोळे अर्धे उघडे, घशातून घरघर. हाक मारली, हलवलं. त्यांना मी दिसतच नव्हते.

डहाणूत दाखवलं, तिथून वापीला नेलं. साखर फार खाली गेलेली, आणि बराच वेळ तशीच राहिलेली, असं तिथले डॉक्टर म्हणाले. जीव वाचेल, पण मेंदू उपाशी राहिला आहे, किती परत येईल सांगता येत नाही. भाऊजी भिंतीला टेकून खाली बसले. एवढा उंच माणूस. मला म्हणाले, तुझ्याजवळ बोलायची ती, तुला काही म्हणाली होती का?

आणि मी म्हटलं, "मी किती वेळा सांगितलं, भाऊजी. इतकं उपाशी राहू नका म्हणून. ऐकलंच नाही त्यांनी."

ते रडले. माझा हात धरून रडले. ते आजही येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगतात, शैला बिचारी सांगत होती, हिलाच बारीक व्हायची हौस. बायका चुकचुकतात. म्हातारपणी नसती थेरं, असं एकीने माझ्यासमोर म्हटलं, आणि मी मान खाली घालून ऐकलं. औषधाला मी दोष देत नाही. ज्याने दिलं त्याने सगळं सांगून दिलं होतं. त्यातलं मला हवं ते मी घेतलं, आणि उरलेलं ज्या बाईला हवं होतं, तिला दिलं नाही.

वहिनी आता घरीच असतात. माणसं ओळखतात. जुनं बरंच आठवतं, नवं काही टिकत नाही. सकाळी कोण येऊन गेलं, ते दुपारी विचारलं तर हसतात. चालताना आधार लागतो. अंगाने पुन्हा भरल्या, आणि ते सगळे ब्लाउज वाया गेले, उसवायला आत काही नव्हतंच. मी नवे शिवले. संध्याकाळी त्यांना मीच भरवते. त्या तोंड फिरवतात. "संध्याकाळी काही नाय. तूच सांगितलास ना?" नातवाचं नाव त्यांना आठवत नाही, पण हे राहिलं आहे. भाऊजी हे ऐकतात आणि म्हणतात, भ्रमिष्टासारखं बोलते, तू मनावर घेऊ नको. गावात म्हणतात, जाऊ असावी तर शैलासारखी.

मागच्या महिन्यात भाऊजी तलासरीला लग्नाला गेले होते. अंगणात आम्ही दोघीच. वरणभाताचा घास हातात धरून मी वहिनींना सगळं सांगितलं. दुधीचा रस खोटा होता. मी सुई घेत होते, पोटात, दर आठवड्याला. गुळाचं मला माहीत होतं. माहीत असून मी तुम्हाला डबा वर ठेवायला सांगितलं. हॉस्पिटलात भाऊजींशीही खोटं बोलले. आवाज न चढवता, एकेक वाक्य करून सांगितलं.

त्यांनी अगदी लक्ष देऊन ऐकलं. मग माझ्या पोटावर हात ठेवला, साडीवरून, आणि विचारलं, "सुई? पोटात? दुखला का गो तुना?"

मी म्हटलं, नाही.

त्यांनी घास खाल्ला. दुसऱ्या दिवशी त्यांना त्यातलं काही आठवत नव्हतं. आठवणार नाही हे मला आधीच माहीत होतं. म्हणूनच मी त्यांना सांगितलं.