पंजाब लिहिलेली बादली

सोनकांबळे सर गेल्याचा फोन नांदेडहून आला तेव्हा मी डबे भरत होते. फोन सरांच्या मुलीचा, सुजाताचा. "ताई, बाबा पहाटे झोपेतच गेले. लातूरला कुणाकुणाला कळवायचं ते तूच बघ." असलं काम आलं की मी आधी यादी करते, लग्न असो, सहल असो, मयत असो. कागद घेतला, पेन घेतलं आणि सवयीनं पहिलं नाव लिहिलं ते... सरांचंच. शाळेत होते तेव्हापासून काहीही झालं की आधी सरांना कळवायचं, हे हाताला इतकं पाठ झालं होतं. ते नाव मी खोडलं नाही. त्याच्या खाली पुढची नावं लिहिली आणि फोन लावत गेले. या गोष्टीला आता दीड महिना झाला. जो भेटतो तो सरांची काहीतरी गंमत सांगतो आणि मग आम्ही दोघंही हसतो. शोकाची ही पद्धत बरोबर आहे की नाही मला ठाऊक नाही, पण सरांना ती चालली असती.

सर मूळचे देगलूरकडचे. घरात मराठी, बाजारात तेलुगू आणि भांडायला दखनी, असं ते स्वतःच सांगत. आमच्या मुलींच्या शाळेत पी.टी. शिकवायला आले तेव्हा शाळेला मैदान नव्हतं. आठवडी बाजाराची मोकळी जागा होती. बाजार उठला की दुसऱ्या दिवशी आम्ही मुली खराटे घेऊन शेळ्यांच्या लेंड्या, कांद्याची सालं आणि बाभळीचे काटे झाडायचो, मग चुन्यानं खो-खोचं मैदान आखायचो. पुढच्या बाजाराला ते पुसून जायचं. सर उंचीला बेताचे, पण आवाज असा की त्यांच्या 'खो'ला दचकून भाजीवाल्या बायका तराजू खाली ठेवत. मी संघाची कप्तान होते आणि कुणी काय आणायचं, कुणाच्या पायाला काय लागलंय, सगळं टिपून ठेवायची, म्हणून सर मला 'कारकूनबाई' म्हणत. त्यांना आयुष्यात एकच गोष्ट सरकारकडून हवी होती : जिथं बाजार भरत नाही असं एक मैदान.

लातूर जिल्हा तेव्हा नवा नवा झाला होता. गावभर नव्या कार्यालयांच्या पाट्या लागत होत्या आणि नळाला पाणी नव्हतं. पाऊस हुकला होता, टँकरचा आवाज आला की सगळी गल्ली घागरी घेऊन पळायची. अशात सरकारी योजना आली. बाहेरच्या राज्यांचे संघ बोलावून जे गाव स्पर्धा नीट पार पाडून दाखवील, त्याला राष्ट्रीय दर्जाचं मैदान. आणि आसपास पाहण्यासारखी ठिकाणं असतील तर पर्यटनाच्या पैशातून खेळाडूंना उतरायला इमारत. सरांनी अर्जात खरोसा लेणी लिहिली, उदगीरचा किल्ला लिहिला आणि नांदेडचा गुरुद्वाराही लिहिला. पाहणीला मुंबईहून आलेल्या साहेबांनी चष्मा वर केला. "अहो, नांदेड तुमच्या जिल्ह्यात नाही." सर म्हणाले, "साहेब, जिल्हा नवा हाय. रस्ता जुनाच हाय." मग साहेबांनी खरी अडचण काढली. "इथं प्यायला पाणी नाही आणि तुम्ही खेळाडू बोलावता? अंघोळ कशात घालणार त्यांना?" सरांचं उत्तर तयार होतं. "माणशी एक बादली. अंघोळ परातीत बसून करायची, ते पाणी सांजच्याला मैदानावर शिंपायचं. तुमच्या मुंबईत पाणी एकदाच वापरत्यात साहेब, आमी दोनदा वापरून राहिलोत." साहेब हसले नाहीत, पण स्पर्धेला होकार देऊन गेले. शेवटचा सामना बघायला येईन आणि मगच अहवाल लिहीन, असंही बजावून गेले.

संघ आले. कर्नाटक, आंध्र, मध्य प्रदेश आणि थेट पंजाब. पंजाबच्या मुली एवढ्या लांब आल्या त्या आमच्या खो-खोसाठी नव्हे; स्पर्धा संपली की नांदेडला गुरुद्वाऱ्यात नेतो, असं सरांनी पत्रात आधीच कबूल केलं होतं. उतरायला इमारत नव्हती म्हणून मुली घरोघर वाटल्या. कुणी कुणाकडे जायचं ते सरांनी चिठ्ठ्या टाकून ठरवलं, म्हणजे भीमनगरात कोण आणि देशमुख गल्लीत कोण यावर कुणाला बोलायला जागा नको. तरी देशमुखकाकूंनी विचारलंच, "सर, पोरी कोन्या जातीच्या हायत?" "खो-खोच्या," सर म्हणाले. "एका जागी बसत्यात, दुसऱ्या जागी उठत्यात." काकू तोंडाला पदर लावून आत गेल्या आणि दोघींसाठी चहा टाकला. सरांनी पत्र्याच्या बादल्या आणून त्यावर लाल रंगानं राज्यांची नावं लिहिली. टँकर आला की आधी राज्यं भरायची, मग गल्ली. कुणी तक्रार केली नाही. संध्याकाळी घराघरातून परातीतलं पाणी यायचं आणि त्या बाजारतळाला, जिथं एरवी शेळ्यांचा वास, चार दिवस साबणाचा वास येत होता.

शेवटचा सामना यजमान विरुद्ध पंजाब. यजमान म्हणजे आम्ही. पंजाबच्या मुली आमच्यापेक्षा हातभर उंच. आम्ही हरणार हे गावाला माहीत होतं. सामना दुपारी चारला. आणि त्या दिवशी दुपारी एक गोष्ट झाली, जी आमच्याकडेच होऊ शकते. पोरी उद्या जाणार, म्हणून ज्या ज्या घरात पंजाबची मुलगी होती त्या त्या घरात, एकीनं दुसरीला न विचारता, पुरणपोळी झाली. दुष्काळ पाहुण्याला दाखवायचा नाही, एवढं प्रत्येकीनं आपापल्या चुलीपाशी ठरवलं होतं. आमच्याकडे जसविंदर होती. आईनं पोळीवर तुपाची धार धरली आणि ती थांबवेचना. "खा गं माय, लाजू नको. पुन्हा कधी येशील तू?" जसविंदरला शब्द कळत नव्हते, धार कळत होती. मी कप्तान म्हणून भाकरीचा चतकोर खाऊन उठले होते. मला त्यात काही वावगं दिसलं नाही; पाहुण्यांना जेवू घालतात, त्यात काय दिसायचं?

चारला मैदानात सगळं दिसलं. पंजाबच्या मुली रांगेत बसल्या त्या बसल्याच. पाठीवर 'खो' पडला की एक हात जमिनीवर टेकायचा, दुसरा पोटावर, मग सावकाश उठायचं, तोवर आमची मुलगी पार पलीकडच्या खांबाला. एक तर बसल्या बसल्या पेंगली. आम्ही असे जिंकलो की पेढे वाटायलाच घ्यायला हवे होते. लोक शिट्ट्या मारत होते, आणि मांडवात साहेबांशेजारी बसलेला एक पाहुणा मोठ्यानं म्हणाला, "मुद्दाम जेवू घातलं हो. चांगली युक्ती आहे यजमानांची." साहेबांनी पेन काढलं. मी सरांकडे बघितलं. ते साहेबांच्या पेनाकडे बघत होते. तो अहवाल तसा लिहिला गेला असता तर मैदान गेलं होतं, आणि त्याहून वाईट म्हणजे, गावातल्या बायांनी मनापासून वाढलेल्या ताटाला कायमचं लबाडीचं नाव लागलं असतं.

सर उठले आणि माईकवर गेले. "उद्या सकाळी सामना पुन्हा होईल. सामन्याआधी दोन्ही संघ एका पंगतीत जेवतील. पुरणपोळी. पाहुण्या जेवढ्या खातील तेवढ्याच आमच्या पोरी खातील. वाढायला पंजाबच्या मॅडम." मला रडू आलं. हातात आलेला कप होता तो! "सर, पण आम्ही काय केलं?" "काहीच न्हाई केलं. तुमी जिंकल्याच न्हाईत, कारकूनबाई, पुरण जिंकलं. आता त्याला दोन्हीकडून खेळू दे."

ती पंगत मी विसरणार नाही. गावभरातून उरलेल्या शिळ्या पोळ्या आल्या, आणि शिळी पुरणपोळी ताजीपेक्षा जास्त खाल्ली जाते हे आम्हाला ठाऊकच होतं. पंजाबच्या संघासोबत आलेल्या मॅडम, कौर नावाच्या, ताटाशी उभ्या राहून वाढत होत्या आणि आमच्यातल्या एकीनंही हात आडवा केला की म्हणत, "ना बेटा, एक और. मैच बराबर का होना चाहिए." देशमुखकाकू तुपाचं भांडं घेऊन त्यांच्या मागे. त्यानंतर जो सामना झाला तो बघून गाव लोळून हसलं. पळणारी चालत होती आणि धरणारी तिच्या मागे चालत होती. मी 'खो' दिला तेव्हा माझ्याच संघातली सुमन मागे वळून म्हणाली, "आगं दम, उठून राहिले की!" साहेब डोळे पुसत होते. पंजाबच्या पायांची लांबी शेवटी कामाला आली. एका गुणानं त्या जिंकल्या. जसविंदरनं कप उचलला, मग खाली ठेवला, जड होतो म्हणून. साहेब सरांजवळ आले. "मैदानाची शिफारस करतो. पण एक अट. उद्घाटनाला जेवण ठेवायचं नाही."

दुपारच्या लाल गाडीनं आम्ही त्यांना नांदेडला पोचवायला गेलो, तर तिथं लंगर. कौर मॅडमनी सरांना हाताला धरून पंगतीत बसवलं आणि वाढणाऱ्यांना सांगितलं, यांच्या ताटात बघत राहा, रिकामं दिसता कामा नये. सर निमूट जेवले. फिटंफाट झाली, म्हणाले. पुढे कागद सावकाश फिरले. मैदान झालं तेव्हा माझं कॉलेज संपत आलं होतं. पर्यटनाची इमारत मात्र झाली नाही. मी त्यावरून चिडले की सर म्हणत, "बरं झालं की. इमारत झाली असती तर पाहुण्यांना घरी कोनी नेलं असतं?"

मध्यंतरी नांदेडला सुजाताकडे गेले. निवृत्तीनंतर सर तिच्याकडेच राहायचे. न्हाणीत कोपऱ्यात ती पत्र्याची बादली होती. लाल अक्षरं बरीच उडालेली, तरी 'पंजाब' वाचता येत होतं. सुजाता म्हणाली, "शेवटपर्यंत हिच्यातच अंघोळ केली, आणि एकाच बादलीभर पाण्यात. मी म्हणायचे, बाबा, इथं गोदावरी आहे. तर म्हणायचे, गोदावरी हाय म्हणून मी काय दुसरा माणूस झालो का? ... आता तळ गळतो गं, टाकून देऊ का?" मी बादली घेतली. परतीच्या गाडीत मांडीवर ठेवली, तर कंडक्टर अक्षरं वाचून म्हणाला, "मॅडम, तिकीट पंजाबचं देऊ का?" "लातूरचंच द्या," मी म्हटलं.

मी आता त्याच शाळेची मुख्याध्यापिका आहे आणि आमच्या मुली सरांच्या मैदानावर सराव करतात. जेवणानंतर हात धुतलेलं पाणी आम्ही पिंपात साठवतो. संध्याकाळी ते मी त्या बादलीत घेते आणि एका खांबापासून दुसऱ्या खांबापर्यंत मुली रांगेत बसतात त्या मधल्या पाटीवरून चालत जाते. शिंपायला गळकी बादली चांगलीच, हाताला काही काम उरत नाही. दुसऱ्या खांबाशी पोचेपर्यंत ती रिकामी होते, पाटी भिजलेली असते, आणि जरासा साबणाचा वास येतो. मग मी शिट्टी तोंडात धरते आणि मुलींना बसायची खूण करते.