अर्धा भरलेला पंखा

मंजुळा रडली नाही, यावर विठ्ठलवाडीत फार चर्चा झाली. तिचा नवरा भिवा पंख्याच्या मोटरींत नवी तार भरून द्यायचा आणि एका दुपारी दुकानातच गेला. हिने तेराव्यापर्यंत सगळं रीतसर केलं. महिन्याभरात त्याच दुकानात बायकांना दागिने करायला शिकवू लागली, जळक्या मोटरींतली तांब्याची तार आणि जीन्सच्या कारखान्यांबाहेर पडलेली बटणं घेऊन. ‘दगडाची आहे बाई,’ असं लोक म्हणत. मीही म्हटलंय. लाज वाटते, पण म्हटलंय.

भिवाची एक खोड गल्लीभर माहीत होती. तार गुंडाळताना वेढे मोठ्याने मोजायचा. मधे कुणी हाक मारली की नुसतं एक बोट वर. मोजणी चुकलीच तर सगळं उलगडून पुन्हा एकपासून.

माझं वय झालं, वेळ जाईना, म्हणून मीही तिच्याकडे जाऊ लागले. शिकवायची चोख, पण आवाजात चढउतार नाही. ‘तार कापू नका, उलगडा.’ ‘दिसेल ते घ्या, इथे टाकाऊ काही नाही.’ माझी पहिली कानातली बघून म्हणाली, ‘टोचतील.’ बस्स. एकदा मात्र आपणहून बोलली, ‘काकू, पायाला मुंग्या आल्यावर कसं, तसं सगळीकडेच झालंय. काही लागतच नाही. असंच राहणार का हो?’ मी हातातली तार उलगडत राहिले.

शुक्रवारी डब्यातली तार संपली. मंजुळा चहा सांगायला बाहेर गेलेली. वरच्या फळीवर फडक्याखाली पंख्याची एक मोटर होती, तार नवी कोरी. मी खाली घेतली आणि सगळी उलगडली. एकदाही न कापता! शाबासकी मिळेल म्हणून वाट बघत बसले.

ती आली. माझ्या मांडीवरचं भेंडोळं बघितलं.

‘ही फळीवरची?’

‘हो गं.’

‘ह्यांनी अर्धी भरलेली. त्या दिवशी.’

मला तिथून उठून पळावंसं वाटलं.

‘निघालीच आहे तर बांगडी करू,’ मंजुळा म्हणाली, त्याच सपाट आवाजात. पाइपाचं कापलेलं कडं घेतलं आणि तार गुंडाळू लागली. एक, दोन, तीन. मोठ्याने. साठाच्या पुढे गेली असेल, तेवढ्यात आमच्यातलीच शिकायला येणारी श्रिया दारातून म्हणाली, ‘ताई, चहा आला.’

मंजुळाचं एक बोट वर गेलं.

ते तिचं तिलाच दिसलं. हात थांबले.

‘किती झाले?’ तिने विचारलं. आम्ही कुणी मोजलं नव्हतं. ‘अहो, किती झाले?’ आता ती आमच्याकडे नाही, भिवाच्या रिकाम्या स्टुलाकडे बघत होती. आणि मग रडली. अकरा महिन्यांचं एकदम, तोंड उघडून, लहान पोर रडतं तशी.

मी पाठीवर हात ठेवायला गेले, तर तिने झटकला. ओढणीने नाक पुसलं, कड्यावरची सगळी तार उलगडली आणि पुन्हा एकपासून सुरू केलं.