डिस्ट्रेस्ड लेडीज

उल्हासनगर कॅम्प तीनमधल्या एका जीन्सच्या कारखान्यात मी ऑनलाइन विक्रीचं काम बघायचे. जेन्ट्स आणि लेडीज पँटींचे फोटो टाकायचे आणि खाली इंग्रजीत माहिती लिहायची. नवीकोरी पँट घासून, फाडून जुनी केली की तिला ‘डिस्ट्रेस्ड’ म्हणतात, हे मला तिथेच कळलं.

एकदा फोटोग्राफरला पाठवायचा मेसेज घाईघाईत घरच्या ग्रुपवर गेला : ‘लेडीज सगळ्या डिस्ट्रेस्ड झाल्यात. शेठ म्हणतात, अजून करा.’

पप्पा केमिकल कंपनीतून रिटायर झालेले, उभी नोकरी युनियनमध्ये काढलेली. त्यांनी डिक्शनरी उघडली. दुःखी, पीडित, संकटात सापडलेला. त्यांनी मला फोन केले, पण मशीनच्या आवाजात मला ते ऐकूच आले नाहीत. मग बुवापाड्यातला एक जुना युनियनवाला मित्र सोबत घेऊन, इस्त्रीचा शर्ट घालून, ते थेट कारखान्यात आले.

“लेडीज कुठे आहेत?” त्यांनी शेठना विचारलं.

शेठना वाटलं, होलसेलचं गिऱ्हाईक आलंय. त्यांनी आधी चहा सांगितला. “भरपूर आहेत साहेब, वरती चला. डिस्ट्रेस कितना चाहिए? हलका की फुल?”

“म्हणजे तुम्ही कबूल करता?” पप्पा म्हणाले.

“कबूल काय साहेब, तीच तर आपली खासियत आहे.”

पप्पांचा आवाज चढलेला ऐकून मी धावत खाली आले आणि सगळा खुलासा केला. पप्पांनी गुडघ्यावर फाटलेली एक पँट हातात घेऊन उलटसुलट पाहिली.

“हिला कसलं दुःख? दुःख माणसाला असतं.”

“साहेब, फाटली म्हणून तर डबल भाव आहे,” शेठ म्हणाले.

आता इतक्या लांब आल्यावर तसंच परत जाणं पप्पांच्या स्वभावात नव्हतं. ते वर गेले. तिथे बायका पॉलिश पेपरने पँटी घासत बसल्या होत्या.

“ताई, तुम्ही तर डिस्ट्रेस्ड नाही ना?”

बायका माझ्याकडे बघायला लागल्या. “काही त्रास आहे का, असं विचारतायत,” मी सांगितलं.

“पंखा बंद आहे,” एक मावशी म्हणाल्या. “कधीपासून सांगतोय आम्ही.”

पप्पांचा चेहरा खुलला. शेठ, पप्पा आणि मित्र यांची चहावर बैठक बसली. शेठ आधी ‘उद्या बघू’ म्हणाले, पण दोघं उठेचनात, तेव्हा त्यांनी वायरमनला बोलावलं.

पंखा एकदम फुल स्पीडने सुरू झाला. त्याच्या पात्यांवर आणि कोपऱ्याकोपऱ्यात साचलेला जीन्सचा निळा भुसा उडाला आणि खाली उभ्या असलेल्या तिघांवर सावकाश बसला. बायका पदर तोंडाला लावून हसत सुटल्या.

पप्पा भुवयांपर्यंत निळे झाले होते. दोनदा शिंकून ते शेठना म्हणाले, “आता कसं मोकळं वाटतंय.”

शेठनी मान डोलावली आणि चष्मा पुसला.