गच्चीवरचा अंटार्क्टिका

करारकाकांनी आयुष्यात बर्फ पाहिला तो उसाच्या रसातला. तरीही दक्षिण ध्रुवाच्या व्यवस्थेविषयी त्यांच्याइतक्या अधिकारवाणीने बोलणारा माणूस एव्हरशाईन सिटीत दुसरा नव्हता. दुसऱ्याची गरजही कोणाला भासली नव्हती. मुंबईतल्या एका कचेरीत त्यांनी अंटार्क्टिका कराराच्या फायली सांभाळल्या होत्या. निवृत्तीनंतर त्या ज्ञानाचा भार आमच्या सोसायटीवर आला.

आमची गच्ची एकच होती आणि ए व बी या दोन्ही विंगांचा तिच्यावर संपूर्ण हक्क होता. उन्हाळ्यात पापडांच्या चटया कोणी कुठे पसराव्यात, यावरून सुसंस्कृत माणसे शक्य तितके असंस्कृत बोलत. काकांनी सभेत तोडगा मांडला. "तिथं सात देश जमिनीवर हक्क सांगतात. करार कुणाचा मान्य करत नाही, कुणाचा नाकारतही नाही. भांडणच गोठवलंय! आपणही तेच करू. आणि गच्चीबाबत नवा निर्णय सर्वांच्या संमतीनेच." चहा थंड होत होता, म्हणून ठराव एकमताने मंजूर झाला.

करारात एकमेकांच्या तळांची तपासणी करण्याची मुभा आहे. हे कलम काकांनी विशेष निष्ठेने पाळले. दुपारी ते दोन्ही विंगांच्या चटयांवरून एकेक अर्धवट वाळलेला पापड तोंडात टाकत.

"काका, तपासणी करताय की जेवताय?" बी विंगमधल्या वहिनी विचारत.

"निरीक्षकाला अडवता येत नाही, वहिनी. आणि मिरी कमी पडलीय."

पुढे एका मोबाइल कंपनीला गच्चीवर टॉवर हवा झाला. भाड्याचा आकडा ऐकून दोन्ही विंगांत अचानक बंधुभाव उत्पन्न झाला. काका एकटे नाही म्हणाले. "तिथं खाणकामाला बंदी आहे. जिथून कुणाला कमाई नाही, तीच जागा सगळ्यांची राहते."

"काका, हा अंटार्क्टिका नाय, वसई ईस्ट आहे!" सेक्रेटरी कडाडले.

"म्हणूनच धोका जास्त."

गुडघे थकल्यावर काका लेकीकडे नाशिकला निघाले. निरोपाला सगळे आवर्जून खाली उतरले होते. टेम्पो वळणाआड जाताच, डोळे पुसत पुसत, सेक्रेटरींनी अडलेल्या टॉवरसाठी सभेची सूचना फळ्यावर लावली.

सभेत भराभर हात वर झाले. "म्हणजे सर्वांची संमती," असे म्हणत सेक्रेटरी लिहू लागले. इतक्या वर्षांत सभेत 'साखर कमी' याखेरीज काही न बोललेला मी उभा राहिलो.

"माझी नाही."

टॉवर शेजारच्या इमारतीवर गेला. त्यानंतर कितीतरी दिवस लिफ्टमध्ये माझ्याशी कोणी बोलले नाही. तसे पूर्वीही बोलत नसत; पण आता त्यांच्याकडे कारण होते.