बिब्बा उतला असं मी म्हणाले

आमच्याकडे कापूस वेचून आणला की पुढच्या खोलीतच रचतात. भाव येईपर्यंत पडून राहतो. पोरांना तर तो ढीग म्हणजे गादीच. माझी नात तेव्हा चार वर्षांची. दिवसभर त्या ढिगावर चढायची आणि धप्पकन खाली यायची. कापूस जुना झाला की त्यात बारीक किडे होतात, अंगाला खाज सुटते, हे आम्हाला ठाऊक असतं. पण ठाऊक असलेल्या गोष्टीकडे कोण लक्ष देतं, सांगा!

सोमवारी तिच्या डाव्या घोट्याला काहीतरी चावलं. काय चावलं ते मला आजही सांगता येणार नाही. एवढासा लाल ठिपका. तिनं तो खाजवला, परत खाजवला, नखांनी पार सोलून काढला. बुधवारी सकाळी बघते तर घोटा सुजलेला आणि मधोमध पिवळा पू.

सून घरी नव्हती. ती धुळ्याला, देवपुरात तिच्या माहेरी राहून शिक्षकाची परीक्षा देत होती. दोनदा पोरीच्या आजारपणात तिची परीक्षा बुडाली होती. या खेपेला निघताना मीच म्हणाले होते, "तू निवांत जा वं माय, मी शे ना घरी." मुलगा चाळीसगावला जिनिंगमध्ये कामाला, तो शनिवारीच यायचा. घरात मी आणि ती पोर.

आता हे सांगायला हवं की गल्लीत फोड-पुळीसाठी लोक माझ्याकडेच यायचे. माझ्या सासूनं मला बिब्बा लावायला शिकवलं होतं. सुईला टोचायचा, दिव्यावर धरायचा, काळं तेल सुटलं की फोडाभोवती ठिपके द्यायचे. पुष्कळांचे फोड बसले, काही न करताही बसले असते असं आता वाटतं. पण तेव्हा मला अभिमान होता. दवाखाना पाचोऱ्याला, एसटीनं अर्ध्या तासावर. मी गेले नाही. बिब्बा लावला, वर एरंडाचं पान बांधलं.

गुरुवारी पाय लाल झाला, पाण्यानं भरलेले फोड उठले. शेजारची अक्का भिंतीवरून डोकावली. "काय वं, पोरगीना पाय कसा दिसस?"

"बिब्बा उतना, दुसरं काही नही," मी म्हणाले.

बिब्बा कुणाकुणाला उततो, म्हणजे अंगावर उठतो, हे खरंच आहे. त्याला उतारा खोबरं आणि तीळ. मी दोन्ही वाटून लेप दिला. लाली माझ्या बिब्ब्याची आहे असं एकदा मनानं घेतलं, की मग मला दुसरं काही दिसेना. ती चढत चढत पोटरीला गेली तरी मी म्हणते, उतलाय. खोबरं थोडं आणखी वाटलं.

शुक्रवारी तिला ताप भरला. "आजी, मना पाय दुखस," एवढंच म्हणायची आणि डोळे मिटून घ्यायची. ढिगाकडे बघितलंसुद्धा नाही. दुपारी सुनेचा फोन आला, तोंड दिसणारा. मी फोन पोरीच्या तोंडाजवळ धरला, पायावर गोधडी ओढली.

"का गं, अशी का दिसतेस? आई, हिला बरं नाहीये का?"

"झोपेतून उठलीये. तुझा उद्या शेवटचा पेपर ना? तू वाच."

"नक्की ना, आई?"

"नक्की."

हे मी तिच्या भल्यासाठी केलं, असं मी पुढे बऱ्याच जणांना सांगितलं. त्यात खोटं काही नाही. पण मला भीतीही वाटली होती. बिब्बा लावलेला पाय तिनं बघितला असता तर काय म्हणाली असती, ही भीती.

शनिवारी मुलगा आला. त्यानं गोधडी उचलली. मांडीपर्यंत लाल रेघ गेली होती आणि घोटा काळा पडला होता. "माय, हाई काय करी ठेवं?" एवढं बोलला आणि तिला उचलून पळाला. पाचोऱ्याच्या डॉक्टरांनी हात लावला नाही, तसंच जळगावला धाडलं.

जळगावची डॉक्टरीण, तिलाही माझ्या नातीएवढी पोर असेल अशा वयाची. तिनं पेननं लालीच्या कडेनं रेघ मारली. "किती दिवस झाले?"

"काल," मी म्हणाले.

का म्हणाले? तोंडातून निघून गेलं. डॉक्टरीण काळ्या कातडीवर वाकली. "काल चावलेलं असं दिसत नाही, आजी. हे भाजलंय. काय लावलंत? मला खरं कळलं नाही तर मी आत काय शोधू?"

तेव्हा सांगितलं. सोमवार, बुधवार, बिब्बा, खोबरं, तीळ, सगळं. ती रागावली नाही. लिहून घेतलं आणि म्हणाली, "पू हाडाजवळ गेलाय. भूल देऊन उघडावं लागेल. पाय वाचवायचा प्रयत्न करू, आधी पोरीला वाचवू."

सून पेपर संपवून थेट तिथे आली. पेपर सुटल्यावर मुलानं तिला फोनवर सांगितलं होतं. दोनदा पाय उघडावा लागला, मांडीची कातडी काढून घोट्याला लावली. रोज पट्टी बदलताना पोर अशी ओरडायची की बाहेरच्या बाकावरची माणसं उठून जायची. पाय धरायला कुणीतरी लागायचं. मी पुढे झाले. सुनेनं माझे हात बाजूला केले. "राहू द्या, आई. मी धरते." एवढंच. पुढे एक दिवस, पट्टी झाल्यावर, भिंतीकडे बघत म्हणाली, "परीक्षा पुन्हा देता आली असती."

मी म्हटलं, "हो."



आता ती पोरीला घेऊन देवपुरातच असते, तिथे तिला शाळेत नोकरी लागली. मुलगा सुट्टीला तिकडे जातो. मला कुणी येऊ नको म्हटलेलं नाही. मी महिन्यातून एकदा जाते, संध्याकाळच्या गाडीनं परत येते. मुक्कामाला राहा असंही कुणी म्हटलेलं नाही. पोरीचा घोटा आता वाकत नाही. मला बघितलं की नात फाटकापासून धावत सुटते, डावा पाय बाहेरच्या बाजूला फेकत. लोक म्हणतात, वाचली हे काय कमी आहे. बरोबरच म्हणतात. मी लांबूनच ओरडते, "हळू ये गं, पळू नको." ती काही ऐकत नाही.