आचलच्या गाडीचं तेल

आमच्या ह्यांचं नाव टिकाराम, पण हा माणूस एका जागी टिकलेला मी लग्नानंतर एकदाही पाहिला नाही. जेवताना दोनदा उठतात. पाहुणा समोर बसलेला असला तरी मागे जाऊन पंपाचा आवाज ऐकून येतात. गोंदियाच्या एका राइस मिलमध्ये उभा जन्म फिटर होते, त्यामुळे कुठलाही आवाज जरा बदलला की यांचा जीव खालीवर होतो. धान चुरून, मळणी होऊन घरात आलं की मग तर विचारूच नका. हाताला काम नसतं, आणि फुलचूरच्या आमच्या घरातला बरा चाललेला पंखासुद्धा यांच्या तावडीतून सुटत नाही.

यंदा दिवाळीनंतर त्यांना गाडी मिळाली. म्हणजे मिळाली आचलला, आमच्या एकुलत्या एका मुलीला. ती नर्स आहे. चिचगडला नोकरी लागली, तिथेच खोली घेऊन राहते आणि आतल्या जंगलातल्या गावांत जाऊन बायका-लेकरं तपासते. आपल्या पगारातून तिने एक जुनी, पेट्रोलची लहान गाडी घेतली. रंग बरा, सीटा बऱ्या, इंजिनाचं मात्र कुणी विचारलंच नाही. "बाबा, तुमी एकदा पाहून द्या, मंग मी घेऊन जाते," असं म्हणून तिने गाडी आमच्या दारात लावली आणि बसने परत गेली.

यांनी इंजिनावरचं झाकण खोललं आणि कपाळाला हात लावला. आधीच्या मालकाने वर्षानुवर्षं तेल वरून ओतलं होतं, खालून कधी काढलंच नव्हतं. दूध लागलेल्या पातेल्याच्या बुडाशी असते तशी काळी खरवड आत सगळीकडे धरलेली. खालचा नट काढला तर तेल पडेचना. थांबत, ओघळत, डांबरासारखं आलं. मला दोन दिवस पोळीलाही तोच वास येत होता.

नाक्यावरच्या हेमेंद्र मिस्त्रीने बजावलं, "काका, डिझेल टाकून धुवू नोका. मळ एकदम सुटला तं तेलाच्या जाळीत फसन अन् इंजिन जाम होईल. नवं तेल टाका, थोडी चालवा, गरम असतानी काढा, फिल्टर बदलवा. मंग पुन्हा तसंच. हळूहळूच निंगन ते."

हळूहळू हा शब्द आमच्या ह्यांना जन्मात पचला नाही. पण या वेळी नवल झालं, त्यांनी ऐकलं. खालचं चेंबर उतरवून जाळी धुतली, नवं तेल भरलं, नाक्यापर्यंत फेऱ्या मारल्या, पुन्हा तेल काढलं. शनिवारी आचल गाडी न्यायला आली तर मगभर काळं तेल तिच्यासमोर धरलं. "पाय, किती मळ निंगून राहिला. पुढच्या शनिवारी ने." पुढच्या शनिवारीही तेच. पोरगी बिचारी पिशवी खांद्याला लावून पुन्हा बसने गेली.

इंजिन तेवढ्यात शांत होत चाललं होतं. माझ्यासारखीलाही ते ऐकू येत होतं, पूर्वीची खडखड गेली होती. पण हे मात्र बिथरत चालले. चहाच्या आधी जाऊन तेल मोजायची पट्टी उपसायची, फडक्याने पुसायची, पुन्हा घालायची, पुन्हा उपसायची. स्क्रू काढायच्या पेचकसाचं टोक इंजिनावर टेकवून मूठ कानाला लावायची आणि डोळे मिटून उभं राहायचं. रस्त्याने जाणाऱ्या कुणालाही थांबवून विचारायचं, चिचगडच्या वाटेवर, देवरीच्या पुढे मोबाइलला रेंज असते काय? मी एकदा म्हटलं, "तेलाचा अन् रेंजचा काय संबंध?" तर माझ्यावरच खेकसले.

मागच्या रविवारी सकाळी मी अंगणात तांदूळ निवडत बसले होते. आचल आदल्या संध्याकाळीच आली होती, आत आंघोळीला गेली होती. हे गाडी फिरवून आले, खाली शिरले आणि घमेल्यात तेल काढलं. मी पाहिलं ते तेल. जवसाच्या तेलासारखं पिवळं, खाली घमेल्याचं बूड दिसत होतं. मला वाटलं, झालं एकदाचं. तर यांनी घमेल्यावर गोणपाट टाकलं, कोंड्याच्या पोत्यामागून एक जुना डबा काढला, त्यातलं काळं तेल मगात ओतलं आणि हाक मारली, "आचल! पाय वो माय, अजून काळंच येऊन राहिलं."

आचल ओले केस पुसत बाहेर आली. माझं डोकं फिरलं. सूप बाजूला ठेवलं, उठले, गोणपाट ओढून फेकलं आणि घमेलं बापलेकीच्या मधोमध आणून ठेवलं. "आचल, आजचं तेल हे आहे. तुह्या बापाच्या हातातलं शिळं आहे."

आचल आधी घमेल्याकडे पाहत राहिली, मग बापाकडे. "काऊन, बाबा?"

यांनी हातातला तेलाचा मग खाली ठेवला. हात फडक्याला पुसत राहिले, पुसून झाले तरी पुसतच राहिले. "माह्या डोक्यात ते गाडी रोज बंद पडते," म्हणाले. "जंगलात. तू एकटी, रेंज नाही. मी इकडं बसून काय करू, सांग? गाडी नाही तं तू निदान गावात राहशीन, असं वाटलं माले."

"गाडी नाही म्हनून मी जंगलात जात नाही, असं वाटते काय तुमाले?" आचलचा आवाज चढला. "रोज जाऊन राहिली ना मी! ज्याची मोटारसायकल भेटन त्याच्या मागं बसून. या गुरुवारी तं न्यायले कोनी आलंच नाही. सांज झाली होती, मी पायीच निंगली. मागून कायतरी चालून राहिलं असं वाटे, मान वळवाची हिंमत नोती. रडत रडत आली मी चिचगडपर्यंत."

तिने हे मलाही सांगितलं नव्हतं. यांनी गाडीखाली शिरून नट आवळला, नवं तेल ओतलं, पट्टी पाहिली आणि किल्ली तिच्या हातात दिली. मग एकदम म्हणाले, "मी येतो संगं."

"अन् वापस कसे याल? बसनं?" आचल म्हणाली. "मंग तुमच्या बसची काळजी मी करत बसू काय?" बोलता बोलता ती हसली, डोळे पुसले आणि गाडी काढून निघून गेली.

दुपारी फोन आला. "पोचली, बाबा." यांनी विचारलं, "इंजिन गरम तं नाही झालं?" "नाही, मस्त चालली." मी देवाला हात जोडले. म्हटलं, आता तरी हा माणूस बसेल.

बसले नाहीत. अंगणात येरझारा घालत राहिले. चहा दिला तो निवून गेला. दिवस कलल्यावर स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभे राहिले आणि विचारलं, "रुख्मा, गुरुवारी सांजच्याले मी कुठं होतो?"

मला आठवत होतं, आणि त्यांनाही. तेल नीट फिरावं म्हणून ते आचलची गाडी घेऊन नाक्यापर्यंत गेले होते, परत आले होते, पुन्हा गेले होते. गाडीत दुसरं कुणी नव्हतं.